कोटाखाली झाकलेलं पोक

मास्टरताईच्या शिवणकामाच्या दुकानात दोन नियम होते. कात्री जमिनीवर पडू द्यायची नाही, आणि गिऱ्हाईकाच्या अंगातली उणीव तोंडाने बोलायची नाही, कापडाने झाकायची. दोन्ही नियम तिच्या वडिलांचे. एक खांदा खाली असला की त्या बाजूला कापसाचा एक थर जास्त, पोट पुढे असलं की कोटाचं पहिलं बटण बोटभर वर, पाय वाकडे असले की विजार जरा सैल. गिऱ्हाईक आरशात बघायचं आणि आपण मुळातच देखणे आहोत असं समजून छाती काढून बाहेर पडायचं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," वडील म्हणायचे, "आणि झाकलेली पाठ त्याहून महाग."

बिचाऱ्यांची स्वतःची पाठ मात्र कुठल्याच कोटाने झाकली जाईना. पस्तिशीत मान पुढे आली, चाळिशीत कंबर वाकली, आणि शेवटी शेवटी तर ते गिऱ्हाइकांना त्यांच्या बुटांवरून ओळखत. "या वकीलसाहेब, टाच झिजलीय तुमची," असं ते खाली बघतच म्हणायचे आणि लोकांना वाटायचं, काय विनोदी माणूस! धंदाच तसा, असं सगळे म्हणाले. जन्मभर मशीनवर वाकून बसलं की असंच व्हायचं. मास्टरताईलाही ते पटलं होतं.

वडील गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि धाकटा भाऊ दहाचा. तिने दुकान हातात घेतलं, आणि त्याच दिवशी कानाला खडा लावला की धाकट्याच्या हाती सुई द्यायची नाही. त्याला शाळेत बांबू म्हणत, इतका तो उंच आणि सरळसोट होता. बांबूने शिकायचं, चांगली नोकरी करायची आणि जन्मभर ताठ उभं राहायचं. वडिलांसारखं बूट बघत जगायचं नाही. तसंच झालं. बांबू एका मोठ्या हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभा राहू लागला. दर वर्षी त्याला काळा कोट लागायचा आणि तो अर्थात ताईच शिवायची.

तो चोवीस वर्षांचा असताना एकदा तिने त्याचं माप घेतलं, तर पाठीकडची लांबी अर्धा इंच जास्त भरली आणि छातीकडची तेवढीच कमी. तिने टेप झटकली. मग टेप बदलली. मग बांबूलाच दटावलं, "नीट उभा राहा की, माकडा!"

"नीटच उभा आहे," बांबू म्हणाला.

कापड कापणाऱ्याला पाठीकडची लांबी वाढण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माणूस वाकायला लागला की पाठ लांबते आणि पुढची बाजू आखडते. मास्टरताईला तो अर्थ दिसला, आणि तिने तो बघितला नाही. तिने दुकानाचा नियम पाळला. पाठीला कापड वाढवलं, पुढून कमी केलं आणि मानेखाली कापसाचा पातळ थर घातला. कोट अंगावर चढला आणि बांबू पुन्हा बांबू झाला. पुढच्या वर्षी फरक पाऊण इंच झाला, त्याच्या पुढच्या वर्षी एक. कापूसही वाढत गेला. तो आरशात बघून खूश व्हायचा, आणि ती पाठमोरी होऊन खडू शोधायची.

दरम्यान बांबूचं एक विचित्र दुखणं सुरू झालं होतं. सकाळी उठला की कंबर अशी धरलेली असायची की मोजे घालायला बायको लागायची. तास-दीड तास गेला, घरातल्या घरात दोन-चार खेपा झाल्या, की गडी मोकळा. दिवसभर कामावर पळापळ केली तर ठणठणीत, आणि सुट्टीच्या दिवशी लोळत पडला की बेजार.

"काम केलं की बरं वाटतं आणि आराम केला की दुखतं? हे कसलं उलट्या खोपडीचं दुखणं?" दुकानातले इस्त्रीकाका म्हणायचे. काका चाळीस वर्षं त्याच कोपऱ्यात इस्त्री करत होते आणि त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं.

जवळच्या डॉक्टरांनी आधी गॅसची गोळी दिली, मग गादी बदलायला सांगितली, मग सक्तीची विश्रांती. मास्टरताईने तर कटिंगच्या टेबलाची जुनी फळीच त्याच्या गादीखाली घातली. सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन ती त्याला झोपवून यायची आणि उठला तर बघ, म्हणायची. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत. जितका आराम, तितकी कंबर जास्त धरायची. बायकोला वाटू लागलं, नवरा आळशी. बांबूलाही हळूहळू तसंच वाटू लागलं. माणसाला चार वर्षं कुणी आळशी म्हटलं की तो स्वतःच्या तोंडाने ते मान्य करतो.

मग एका सकाळी त्याचा उजवा डोळा लालभडक झाला. उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं, थेंब लिहून दिले आणि लिहिता लिहिता विचारलं, "सकाळी कंबर आखडते का?"

बांबू उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोळ्याला आतून सूज आहे. अशा तरुण माणसाला मी कंबर विचारतोच. सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि जातो जातो म्हणून बसू नका."

"डोळा दाखवायला गेला आणि कंबर घेऊन आला," इस्त्रीकाका म्हणाले. पण मास्टरताई हसली नाही.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ती भावासोबत गेली. बायकोला शाळेत मुलीला सोडायचं होतं. बाई पन्नाशीच्या, बारीक, चष्मा कपाळावर. त्यांनी कोट काढून खुंटीला लावायला सांगितला, आणि मग ड्रॉवरमधून काढली ती टेप. कापडी, पिवळी, शिंप्याची असते तशीच. मास्टरताईला एकदम बरं वाटलं. इतक्या परक्या खोलीत निदान एक वस्तू तरी ओळखीची निघाली.

"पूर्ण श्वास सोडा. आता भरपूर घ्या." बाईंनी बांबूच्या छातीभोवती टेप धरली.

"टेप मागून घसरलीय," मास्टरताईच्या तोंडून गेलं. "पाठीवर बोट ठेवा, म्हणजे आडवी राहील."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेऊन तिच्याकडे बघितलं. "तुमचं काम?"

"शिंपीण आहे."

"मग या. तुम्हीच धरा."

मास्टरताईने टेप धरली. बांबूने श्वास सोडला, भरला. टेप जेमतेम पाऊण इंच हलली. कोट शिवताना ती श्वास सोडलेल्या आणि भरलेल्या, दोन्ही छातींचं माप घ्यायची, नाहीतर बटणं तुटतात. त्याच्या वयाच्या माणसाची छाती चांगली दोन इंच फुगायला हवी. तिने आकडा दाखवला.

मग बाईंनी बांबूला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला, कंबर भिंतीला. "आता डोकं मागे टेकवा."

डोकं टेकेना. हनुवटी वर उचलून बघितली, तरी डोकं आणि भिंत यांच्यात तीन बोटं आरामात गेली. अंगात कोट नव्हता. कापूस नव्हता, वाढवलेलं कापड नव्हतं. त्या पांढऱ्या भिंतीपुढे नुसत्या शर्टात मास्टरताईला तिचे वडील उभे दिसले, पस्तिशीतले, अजून समोर बघू शकणारे.

"हे वाकणं कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठलं वाकणं?" बांबू म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. घरातला आरसा चेहऱ्यापुरता, आणि अंगभर आरशासमोर तो ताईच्या कोटातच उभा राहिलेला. बाईंनी हातातलं पेन बंद केलं. "कधीपासून ते कळलं तर फार बरं होईल. वर्षभरातलं असेल तर एक, चार-पाच वर्षांचं असेल तर दुसरं. वेग कळतो त्यावरून. घरात कुणाच्या लक्षात आलं असेल?"

मास्टरताईला वाटलं, नाही म्हणावं आणि सुटावं. अठरा वर्षांत तिने एकाही गिऱ्हाइकाची पाठ तोंडाने उघडी केली नव्हती. आणि हा तर सख्खा भाऊ, समोर शर्टात उभा. पण वडील बूट बघत बसलेले तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"चार वर्षांपासून," ती म्हणाली. "अर्ध्या इंचाने सुरू झालं. आता सव्वा आहे. श्वासाचं मापही दर वर्षी कमी होत गेलंय. सगळं वहीत लिहिलेलं आहे."

बांबूची मान तिच्याकडे वळली. मान वळायला त्रास व्हायचा म्हणून तो खांद्यासकट वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू मला कोट शिवून देत होतीस?"

मास्टरताई हातातली टेप गुंडाळत बसली.

वही दुकानाच्या कपाटात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते हेच. चार वर्षं कंबर घेऊन सगळीकडे फिरले आणि पुरावा घरच्याच कपाटात! ती रिक्षा करून गेली आणि तासाभरात घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी बांबूची पानं वाचली, मग मागे जाऊन आणखी काही वाचलं.

"हे कोण? पाठ साडेतीन इंच जास्त?"

"वडील."

"त्यांना सकाळी उठायला वेळ लागायचा?"

मास्टरताईला आठवलं. दुकान नेहमी उशिरा उघडायचं. आई म्हणायची, तुझे बाबा म्हणजे कुंभकर्ण. "लागायचा. पण ते तर मशीनवर वाकून वाकून..."

"मशीनवर बसून पाठ दुखेल, मान अवघडेल. पण अशी कायमची वाकणार नाही. तुमची पाठ बघू?" बाईंनी तिलाच भिंतीला उभं केलं. डोकं पहिल्या झटक्यात टेकलं. "किती वर्षं शिवताय?"

"अठरा."

"मग? धंद्याचा दोष असता तर तुम्हीही वाकला असतात."

बाईंनी मग दोघांना समोर बसवून सांगितलं, घाई न करता, समजेपर्यंत. हा एक संधिवात आहे, पण म्हातारपणी गुडघे झिजतात त्यातला नाही. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी फौज असते, ती चुकून स्वतःच्याच सांध्यांवर चाल करून जाते. कंबर आणि माकडहाडाच्या मधले सांधे, मणके, कधी टाचा, कधी डोळे. तिथे सूज येते. हालचाल केली की सूज जरा ओसरल्यासारखी वाटते, पडून राहिलं की आखडते. म्हणून सकाळ वाईट. तरुणपणीच सुरू होतो, घराण्यात असू शकतो. वर्षानुवर्षं तसाच सोडला तर मणके एकमेकांना जुळून जाऊ शकतात, आणि एकदा जुळले की ते सोडवता येत नाहीत.

"याचे जुळलेत का?" मास्टरताईने विचारलं. तिला फक्त एवढंच हवं होतं.

"तेच बघायचंय. फोटो काढू, रक्त तपासू. आठवड्याने या."

त्या आठवड्यात बांबू तिच्याशी एक शब्द बोलला नाही. इतका तो कधीच गप्प राहिला नव्हता, लहानपणी मार खाल्ल्यावरसुद्धा नाही. मास्टरताईने दोन विजारी उलट्या शिवल्या आणि एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा शर्ट दिला. इस्त्रीकाका सगळं ऐकून घेऊन चक्क काहीच म्हणाले नाहीत. फक्त एकदा इस्त्री बाजूला ठेवून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, डोकं टेकतंय का ते बघितलं, आणि टेकल्यावर पुन्हा कामाला लागले.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी काळे फोटो उजेडापुढे धरले. या वेळी बांबूची बायकोही आली होती.

"सूज आहे," बाई म्हणाल्या. "इथे आणि इथे, चांगलीच आहे. कमरेच्या सांध्यांना थोडी झीजही झालीय. पण मणके मोकळे आहेत. एकही जुळलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हा जो वाकलाय, त्यातला बराचसा भाग दुखण्याने अंग चोरून उभं राहिल्यामुळे आहे. हाडाने नाही. मुळासकट जाईल असं मी म्हणणार नाही, हा आजार सोबत राहतो. पण ताब्यात राहू शकतो. सुजेच्या गोळ्या देते. त्यांनी भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत. सिगारेट असेल तर आजपासून बंद. आणि रोज व्यायाम, पोहणं मिळालं तर फारच छान. वाट्टेल ते करा, पण लोळू नका."

"लोळू नका?" बायकोने विचारलं.

"लोळण्यानेच आखडतो तो. आणि सकाळचा आळस म्हणत असाल, तर तो आळस नव्हता. सूज होती."

मास्टरताईचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच कळलं नाही. आठवड्याचं ओझं उतरलं म्हणावं, तर त्याखालचं चार वर्षांचंही उतरलं, आणि त्याच्याही खाली वडिलांपासूनचं होतं ते. तिने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरची टेप उचलली आणि उगाचच नीट गुंडाळून ठेवली. बांबूची बायको रडत होती. "रोज सकाळी मी त्याला काय काय बोलायचे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि बांबू हसत होता. आजार आहे हे ऐकून इतका हसणारा माणूस त्या खोलीने क्वचितच पाहिला असेल.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "ताई."

"बोल. दे शिव्या."

"राग आलाय. जाणार नाही इतक्यात. पण मी आळशी नव्हतो, हे ऐकून इतकं हलकं वाटतंय ना, की राग धरायला जोरच मिळत नाहीये."

"मला बघवत नव्हतं रे," मास्टरताई म्हणाली. "तुझी पाठ वाकतेय म्हटलं की मला बाबा दिसायचे. म्हणून मी कापूस भरत गेले."

"आता भरू नकोस."

"नाही भरणार."

"पुढचा कोट सरळ माणसाच्या मापाने काप. मी जसा आहे तसा दिसू दे त्यात. बसला नाही तर नाही बसला."

ही मागणी कुठल्याही शिंप्याला अपमानासारखीच. मुद्दाम न बसणारा कोट शिवायचा! पण मास्टरताईने शिवला. पाच वर्षांपूर्वीच्या, पोक यायच्या आधीच्या मापाने कापला, आणि नुसते कच्चे टाके घालून दुकानात खुंटीला लावला. बांबूने पहिल्यांदा अंगात घातला तेव्हा मागचं टोक दोन बोटं वर उचललं गेलं, पुढचं खाली लोंबलं, आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली.

"वा! कुणी शिवलाय? तिचा पत्ता द्या, चुकूनसुद्धा जाणार नाही," इस्त्रीकाका म्हणाले.

तिघंही हसली. बांबू आरशासमोर तिरका होऊन बराच वेळ उभा राहिला. स्वतःची पाठ तो पहिल्यांदा बघत होता.

फळी गादीखालून निघून पुन्हा कटिंगच्या टेबलाखाली गेली. बांबू सकाळी व्यायाम करू लागला, आणि कामाला जाण्याआधी तलावावर. सुरुवातीला कुरकुरला. पहिल्या गोळ्यांनी पोट बिघडलं, त्या बदलाव्या लागल्या, दुसऱ्या लागू पडल्या. एक-दोन वाईट आठवडेही मध्ये येऊन गेले. पण मोजे तो स्वतःचे स्वतः घालू लागला, आणि एकदा तर बायकोच्या आधी उठून तिलाच "आळशी" म्हणाला. त्याचा सूड तिने बरोबर घेतला, ते सोडा.

सहा महिन्यांनी तो दुकानात आला आणि न सांगता खुंटीवरचा कोट अंगात चढवला. मास्टरताईने चष्मा लावला. कॉलर मानेला लागली होती. मागचं टोक खाली आलं होतं. पूर्ण नाही.

"बोटभर वर आहे अजून," ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, इस्त्रीकाकांना ऐकू जाईल असं. "मानही थोडी पुढे आहे तुझी. व्यायाम टाळलास ना या आठवड्यात?"

"दोन दिवस," बांबूने कबूल केलं. "पण सांगितलंस हे बरं झालं."

तिने वही उघडली, टेप घेतली आणि त्याच्या छातीभोवती धरली. मागे पाठीवर बोट ठेवलं, पुढे चिमटीत दोन्ही टोकं.

"सोड श्वास."

त्याने सोडला.

"घे."

बांबूने श्वास घेतला, घेतच राहिला, आणि तिच्या चिमटीतून टेप सरकू लागली. पाऊण इंच गेली, एक गेला, सव्वा गेला. चार वर्षं ती याच चिमटीत टेप घट्ट धरून बसली होती. आता तिने बोटं सैल केली आणि जाऊ दिली तिला, जाईल तितकी.

"किती?" बांबूने श्वास रोखून विचारलं.

"दीड," मास्टरताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि वहीतली ओळ दिसत नव्हती. "थांब, सोडू नकोस. पुन्हा एकदा बघू दे मला."